नागोजी अण्णांचे थोरले

नागोजी अण्णा आमच्या रेंज ऑफिसात शिरण्याआधी दारात बूट काढायचे, खाकी शर्टाच्या खिशातून राखेची पुरचुंडी काढायचे आणि तिला बोटानं एक टिचकी मारायचे. पातळ फडक्यातून चिमूटभर राख हवेत उडायची. ती कुठे जाते ते डोळे बारीक करून बघायचे आणि मग मला विचारायचे, "शारदक्का, आज साहेबांचा वारा कुठनं हाय?"

जंगलात अशी पुरचुंडी जाणत्या गार्डाकडे असतेच. वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असला की त्याला आपला वास लागतो, आणि तो तसा वाहतोय का हे राखेवरून कळतं. पण रेंजरसाहेबांच्या केबिनबाहेर ती उडवणारे अण्णा एकटेच. मी "वारा बरा नाही, जपून" म्हटलं की सुट्टीचा अर्ज परत खिशात जायचा आणि अण्णा जेवणानंतर यायचे. राख मात्र माझ्या टेबलावर पडायची. फायलींवरून ती झटकता झटकता मी कितीदा चिडले असेन, आणि त्यांनी कितीदा "सरी, बरं, उद्यापासनं न्हाई" म्हटलं असेल, त्याला गणती नाही.

मी त्या ऑफिसात क्लार्क. रोज शहरातून आनेकलची बस पकडायची, तिथून शेअर ऑटो, आणि दहाला टेबलावर. जंगल खात्यात पंधरा वर्षं काढूनही जंगल मी खिडकीतूनच पाहिलेलं. झुरळाला भिणारी बाई मी, हत्तीच्या वाटेला कशाला जाते? अण्णांना याचं फार नवल वाटायचं. "मिठाईच्या दुकानात बसून पेढा खाल्ला न्हाईत तुम्ही," असं ते मला वर्षातून चारदा तरी ऐकवायचे.

आमचं जमलं ते भाषेमुळे. आम्हा दोघांचीही घराणी या कन्नड मुलखातली जुनी मराठी घराणी. आपले पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं अण्णा सांगायचे. घोडी गेली, तलवारी गेल्या, भाषा तेवढी राहिली, तीही अर्धी कन्नडात भिजलेली. ऑफिसात सगळा कारभार कन्नडमध्ये चालायचा. पण माझ्या टेबलापाशी आले की अण्णांची मराठी सुरू. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, तरी मला अक्का म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे.

अहो-जाहो ते हत्तींनाही करायचे. गावकऱ्यांशी कन्नड, फिरायला आलेल्या शहरी मंडळींशी हिंदी आणि हत्तींशी मराठी, अशी त्यांची वाटणी होती. हत्तीला हत्ती म्हणायचं नाही. हत्तिणी सगळ्या मावश्या, पिल्लं सगळी लेकरं, आणि उजवा कान फाटलेला, डाव्या सुळ्याचं टोक मोडलेला एक मोठा नर होता, तो "थोरले". बाकीचे गार्ड हत्ती शेताकडे वळले की फटाके लावायचे. अण्णा आधी राख उडवायचे, मग बांधावर उभे राहून मोठ्यानं म्हणायचे, "अहो, हे बरं न्हाई. लोकांचं वर्षाचं पोट हाय ते. परत फिरा बघू."

"आणि फिरतात?" मी एकदा विचारलं.

"दहातनं चारदा फिरतात."

"आणि उरलेल्या सहा वेळा?"

"तवा मी फिरतो," अण्णा म्हणाले आणि डब्यातलं लोणचं माझ्याकडे सरकवलं.

मराठीच का, हेही मी विचारलं होतं. त्यावर त्यांनी मुद्द्याचा, म्हणजे रागीच्या (नाचणीच्या) उकडलेल्या गोळ्याचा, एक घास मोडला. मग म्हणाले, "रागवायला घरचीच भाषा बरी, अक्का. तिच्यात राग लई वेळ टिकत न्हाई."

एकदा सर्जापूर रस्त्याकडच्या एका मोठ्या सोसायटीतून फोन आला की बिबट्या शिरलाय. कॅमेऱ्यात दिसलाय. सोसायटीतली पाचशे माणसं दारं लावून बसलीत. पिंजऱ्याची गाडी दुसरीकडे गेली होती, म्हणून साहेबांनी अण्णांना पाठवलं, आणि पंचनामा लिहायला मला. मी जीपमधून उतरायला तयार नव्हते. अण्णांनी दार उघडून धरलं आणि म्हणाले, "या हो अक्का, इथं काँक्रीट हाय, घसरणार न्हाई."

सोसायटीची सेक्रेटरी पुण्याची मुलगी निघाली. आम्ही मराठी बोलतोय म्हटल्यावर तिला रडूच यायचं बाकी राहिलं. "काका, प्लीज सिरियसली घ्या. फुटेज एकदम क्लिअर आहे. टॉवर बीच्या लॉबीबाहेर, कुंडीच्या मागून गेला तो. माझी मुलगी रोज तिथेच खेळते!"

अण्णांनी फुटेज तीनदा पाहिलं. खरंच, अंधुक उजेडात ठिपक्याठिपक्यांचं काहीतरी दिमाखात चाललेलं होतं. अण्णा बाहेर जाऊन त्या कुंडीशेजारी उभे राहिले आणि तिला म्हणाले, "आता त्याच कॅमेऱ्यातनं मला बघा, पोरी. कुंडी माझ्या कुठवर येती?"

कुंडी त्यांच्या गुडघ्याच्याही खाली येत होती. आणि फुटेजमधला बिबट्या त्या कुंडीपेक्षा चार बोटं बुटका होता. अर्ध्या तासात तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांची ठिपक्याठिपक्यांची, खाऊन खाऊन गोल झालेली मांजर लोकांसमोर आली. पोरं हसायला लागली. ती सेक्रेटरी लाजेनं लाल झाली. मला तर हसू दाबता येईना. अण्णा मात्र तिला गंभीरपणे म्हणाले, "त्याच्याच जातीची हाय ही. तुम्ही भ्यालात ते बरोबरच हाय. परत असं काय दिसलं तर परत फोन करा, मी येतो." परतताना मी म्हटलं, उगाच कशाला तिला चढवलंत? तर म्हणाले, "आज हसलो असतो, तर खरा आला त्या दिवशी तिनं फोन केला नसता."

त्यांच्या घरी मी एकदाच जेवायला गेले. त्यांची बायको रत्नक्का, उंच, ठसठशीत, बोलायला तिखट. अण्णा घरात तिच्यासमोर अर्धे दिसत होते. "ह्यांना विचारा, लग्नाचा दिवस आठवतोय का? न्हाई. पण कुठली हत्तीण कधी व्याली ते सांगतील," असं तिचं सुरू होतं. तेवढ्यात अण्णांचे मोठे भाऊ फाटकातून आत आले. रत्नक्काचं बोलणं तिथंच थांबलं. पदर डोक्यावर घेऊन ती भिंतीकडे सरकली आणि भाऊ आतल्या खोलीत जाईपर्यंत तशीच उभी राहिली. आमच्या जुन्या घरांत थोरल्या दिरासमोर अजून हे पाळतात. माझी आईही पाळायची. रत्नक्कासारखी बाई पाळते याचं मात्र मला आश्चर्य वाटलं.

त्याच जेवणात तिनं मला एक नवा खाकी शर्ट दाखवला. आनेकलच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला, खांद्यांवर तारे लावायला पट्ट्या असलेला. तीस वर्षांच्या नोकरीनंतर अण्णांचं नाव बढतीच्या यादीत आलं होतं. डेप्युटी रेंजर होणार होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, तेवढ्यात दोन तारे खांद्यावर येणार होते. "माझ्या चारी भावांना सांगून ठेवलेय," रत्नक्का म्हणाली. "तीस वर्षं हे गार्ड, गार्ड म्हणून ऐकून घेतलो आम्ही." अण्णा मान खाली घालून जेवत होते, पण कान लाल झालेले. त्यांनाही ते तारे हवे होते. भरपूर हवे होते. मला ते स्पष्ट दिसलं.

आणि त्याच सुगीत थोरल्यांनी घोळ घातला.

जंगलाच्या कडेला एक गाव आहे. रागी पिकली की हत्ती तिथे यायचेच, पण त्या वर्षी थोरले आठवड्यातून चारदा येऊ लागले. एका घराची मागची भिंत पाडली. माणूस कुणी तिच्याखाली सापडलं नाही हे नशीब. गावानं ऑफिसला घेराव घातला. हा हत्ती पकडा आणि दूर कॅम्पात नेऊन बांधा, एवढंच मागणं. त्यांचंही चुकत नव्हतं. कागद वर गेले, आणि वरून विचारणा आली की हा हत्ती इथेच का येतो त्याचा बीट गार्डाचा अहवाल पंधरा दिवसांत द्या, मग पकडण्याचा हुकूम काढू.

पंधरा दिवस अण्णा ऑफिसात फिरकले नाहीत. रोज पहाटे ते थोरल्यांच्या पावलांचा माग काढत उलटे जंगलाकडे जायचे. चौदाव्या दिवशी आले. बूट काढले. पुरचुंडी काढली नाही. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले, आणि त्याचीच मला भीती वाटली. एरवी ते कधी बसत नसत.

"अक्का, त्या करंजाच्या झाडापाशी खंदक हाय न्हवं?"

हत्तींनी बाहेर येऊ नये म्हणून खात्यानं जंगलाच्या कडेनं खोल खंदक खणलेला होता. त्याला बारा वर्षं झाली होती.

"थोरले रोज आधी तिथं जातात. करंजाखाली उभे ऱ्हातात. घटकाभर तरी. जमीन सगळी तुडवलीय, लीद पडलीय ढिगानं. मग खंदकाच्या कडंकडंनं जातात, तो संपतो तिथनं वळसा घालतात, आणि तिथं गावाची रागी लागते." त्यांनी टेबलावर बोटानं एक रेघ ओढली. "त्यांना रागी नको हाय. पलीकडच्या तळ्याला जायचंय. ती त्यांची जुनी वाट हाय. रोज दारापातूर येतात, दार बंद दिसलं की मागल्या गल्लीनं जातात. आणि ते दार मी बंद केलो."

मग सगळं सांगितलं. खंदक खणताना जेसीबीवाल्यानं विचारलं होतं, मध्ये मोकळी जागा सोडायची का. गावातली मुनियम्मा अज्जी काठी टेकत आली होती आणि म्हणाली होती, इथे सोड, ही हत्तींची वाट आहे, माझ्या सासूच्या वेळेपासूनची. अण्णांनी जमीन पाहिली होती. दोन वर्षं दुष्काळाची, तळं कोरडं, तिथे ना पाऊल ना लीद. "मी गार्ड, मला जमीन वाचता येती असा गर्व होता, अक्का. अज्जीला म्हटलो, खूण न्हाई तर वाट न्हाई. आणि सरळ रेघ मारून दिलो." पाणी नसताना कोण येईल तळ्यावर, एवढा साधा विचार त्या दिवशी त्यांना सुचला नाही.

"अज्जी आहे अजून?" मी विचारलं.

"हाय. काल जाऊन सांगितलो तिला. हसली. ताक दिली."

त्यांनी अहवाल सांगितला, मी कन्नडमध्ये टाइप केला. थोडा माझ्या पद्धतीनं केला. कुठल्याही ऑफिसातल्या जुन्या क्लार्कला येतं ते मलाही येतं. 'तत्कालीन पाहणीनुसार सदर ठिकाणी मार्ग आढळून न आल्याने' असं एक वाक्य मी घातलं. त्या वाक्यात कुणीच काही केलेलं नव्हतं. अण्णांनी चष्मा लावून ते वाचलं.

"पाहणीला काय नाव न्हाई?"

"अण्णा, यादी अजून वर आहे. हा कागद जाईल आणि यादीवर शेरा पडेल. असं लिहिलं तरी खंदक भरतील ते. उगाच स्वतःचं नाव कशाला?"

"न्हाई भरणार. पाहणी म्हणलं की दुसरी पाहणी होती, मग तिसरी. तवर थोरल्यांना बांधून नेतील. माणूस म्हणाला मी चुकलो, की पुढं विचारायला काय उरत न्हाई." ते माझ्याकडे कागद सरकवत म्हणाले, "मी सांगतो तेवढंच टाइप करा. नागोजीराव, गार्ड, यानं जागा दाखवली. अज्जीनं सांगितलं ते ऐकलं न्हाई. चूक त्याची. आपलं काय घालू नका."

मी परत टाइप केलं. मला त्यांचा राग आला होता. एवढा चांगला माणूस स्वतःच्या हातानं स्वतःचे तारे काढून ठेवतोय, आणि ते मला टाइप करायला लावतोय.  सही झाल्यावर त्यांनी पुरचुंडी काढली, टिचकी मारली आणि साहेबांच्या केबिनकडे गेले. राख माझ्या टेबलावर पडली. त्या दिवशी मी ती पुसली नाही.

कागद वर गेला. मोठे साहेब स्वतः येऊन करंजाखाली उभे राहिले, अज्जीशी बोलले, आणि हत्ती पकडण्याचं काम एका सुगीपुरतं थांबलं. खंदकाचा तेवढा तुकडा भरायचा हुकूम निघाला. बढतीच्या यादीत अण्णांच्या नावापुढे 'खुलासा मागवावा' असं आलं. खुलासा दिला, त्यावर आणखी एक मागवला गेला. यादी पुढे सरकली आणि अण्णा जागच्या जागी राहिले.

रत्नक्काला हे कळलं त्या दिवशी तिचा मला फोन आला. "तुम्ही टाइप केलात म्हणे? तुम्हाला तरी अक्कल नको?" मी फोन कानापासून जरा लांब धरला. "तीस वर्षं मी वाट बघितली आणि ह्यांनी त्या जनावरासाठी घालवलं सगळं. थोरले म्हणे थोरले! माझे दीर लागतात काय ते?" आणि फोन ठेवला. त्यानंतर ती अण्णांशी कामापुरतंच बोलायची. अण्णा त्याबद्दल एवढंच म्हणाले, "वारा फिरंल. स्वल्प वेळ लागंल."

तो पट्ट्यांचा शर्ट मात्र त्यांनी घालायला काढला. खांद्यांवर पट्ट्या आणि पट्ट्या रिकाम्या. साहेबांनी एकदा हळूच सुचवलं की पट्ट्या उसवून घ्या, बरं दिसत नाही. अण्णा म्हणाले, "कापड चांगलं हाय सर, उसवलं तर फाटंल." पुढचं सगळं वर्ष त्यांनी तो शर्ट आलटूनपालटून घातला. त्यात कुरकूर नव्हती, तोराही नव्हता. दुपारी ऑफिसच्या व्हरांड्यात बसून मुद्दा खायचे, लोणचं सरकवायचे, आणि मावश्यांच्या बातम्या सांगायचे. मला वाटायचं, हा माणूस आतून कुढत असेल. नव्हते कुढत. मी नीट बघितलंय.

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी हार, शाल, फळांची परडी असं सगळं ठरवलं होतं. अण्णांनी एकच मागितलं. समारंभ दुपारी करा, सकाळी मला त्या करंजापाशी जाऊ द्या. आणि मला म्हणाले, "अक्का, आज तरी पेढा खा." मला नाही म्हणता आलं नाही. पहाटेच्या पहिल्या बसनं गेले. जीपमध्ये रत्नक्का आधीच बसलेली. नवी साडी, तोंड दुसरीकडे. तिला कसं आणलं ते मी विचारलं नाही.

खंदक भरायला बरेच महिने गेले होते; त्या जागी आता कुठे गवत आलं होतं, आणि थोरल्यांचं पाऊल तिथे अजून उमटलं नव्हतं. पलीकडे खडकाळ गोमाळ, म्हणजे गुरांचं गायरान, त्याच्यापुढे तळं. अण्णांनी राख उडवली, आम्हाला वाऱ्याच्या खालच्या अंगाला एका उंच खडकावर नेऊन बसवलं. ते स्वतः आमच्या दोन पावलं पुढे उभे. थंडी होती. रत्नक्का आणि मी शेजारी शेजारी. 

उजाडलं तेव्हा करंजाखाली थोरले उभे होते. कधी आले ते कळलंच नाही. फाटका कान, मोडका सुळा, सगळं अण्णांनी सांगितलं तसंच. ते पुढे आले आणि जिथे खंदक होता तिथे थांबले. एक पाय पुढे टाकला, माती चाचपली, पाय मागे घेतला. बारा वर्षं तिथे खड्डा होता ना. मग परत पाय टाकला.

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "या. दार उघडं हाय. उशीर झाला, ते माझ्यामुळं."

थोरले चालू लागले. कसलीही घाई नाही. आमच्या खडकासमोरून, शंभरेक पावलांवरून ते तळ्याकडे निघाले, आणि त्यांच्या मागून दोन मावश्या, एक लेकरू.  एवढं मोठं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते पंधरा वर्षं माझ्या खिडकीपलीकडेच होतं.

शेजारी काहीतरी हललं म्हणून मी पाहिलं. रत्नक्का उठून उभी राहिली होती. थोरले समोर आले तशी तिनं पदर ओढून डोक्यावर घेतला, एक पाऊल मागे सरकली, आणि ते तळ्याच्या चढापलीकडे जाईपर्यंत मान खाली घालून तशीच उभी राहिली.

अण्णांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. मग पटकन तोंड फिरवलं, खिशातून पुरचुंडी काढली आणि वारा बघायचं काही कारण नसताना तिला एक टिचकी मारली.